मोड परत बदलला म्हणून शाई परत येत नाही

दिवाळी अंकांच्या दिवसांत छापखान्यात एक खुलासा हमखास ऐकू येतो : ‘फाइल सीएमवायकेच होती हो. मध्ये जरा आरजीबी केली, पण परत सीएमवायके करूनच दिलीय.’ जणू मधल्या काळात काही घडलंच नाही!

सीएमवायके फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलचे चार आकडे असतात : सायन, मजेंटा, यलो, ब्लॅक, कुठली शाई किती टक्के. आरजीबीत आकडे तीनच. एकच करडा रंग नुसत्या काळ्या शाईने करता येतो, तसाच बाकीच्या तिघी मिसळूनही. आरजीबीत तो फक्त करडा उरतो. कशाने केला होता, याची नोंद पुसली जाते. परत येताना सॉफ्टवेअर आपल्या प्रोफाइलप्रमाणे नवी वाटणी करतं. फोटोशॉपमध्ये अमेरिकन ‘स्वॉप व्ही२’ प्रोफाइल असेल (कित्येक संगणकांवर असतंच, कोणी बदलायला जात नाही), तर आरजीबीतला शून्य-शून्य-शून्य काळा असा होतो : ७५, ६८, ६७, ९०. बेरीज ३००. निव्वळ काळ्या शाईतली अक्षरंही या वळशानंतर चारही प्लेटांवर पसरतात.

मोठ्या पट्ट्यात हे खपतं, आठ पॉइंटच्या मजकुरात नाही. रजिस्टर, म्हणजे चार प्लेटांची जुळणी, केसभर हललं की अनुस्वार-रफारांना गुलाबी-निळी झालर, आणि बोलणी खातो प्रेसवाला! वर्तमानपत्री कागदावर तर एकूण शाई साधारण २४० टक्क्यांच्या आत ठेवतात. ३०० टक्के घातली तर मागच्या पानापर्यंत झिरपते.

एका सीएमवायके प्रोफाइलमधून दुसऱ्यात जातानाही सावध राहा. नेहमीचं आयसीसी रूपांतर मध्ये ‘लॅब’ या रंगपद्धतीतून, म्हणजे पुन्हा तीन आकड्यांतूनच जातं. काळी शाई काळीच ठेवायची, तर त्यासाठी बनवलेलं डिव्हाइस-लिंक प्रोफाइल लागतं.

बाकीचे गैरसमज किरकोळ. पीएनजीत सीएमवायके राहत नाही. त्या फॉरमॅटमध्ये तशी सोयच नाही. व्हॉट्सॲपवर फाइल ‘फोटो’ म्हणून पाठवू नका, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ३०० डीपीआयचा रंगाशी काडीचा संबंध नाही.

आणि ‘प्रेसला आरजीबी चालतच नाही’ हेही सरसकट खरं नाही. पीडीएफ/एक्स-४ या आयएसओ मानकात प्रोफाइलसह आरजीबी फोटो चालतात. तेव्हा फोटो शेवटपर्यंत आरजीबीत ठेवा आणि रूपांतर एकदाच, प्रेसने दिलेल्या प्रोफाइलने करा. प्रेसने पीडीएफ/एक्स-१ए मागितली असेल, तर मात्र ते फाइल देण्याआधी तुम्हालाच करावं लागेल. तिथे आरजीबीला प्रवेश नाही.