कुंपणाआडचे देव

निकोलाय रोरिक हे नाव आपल्याला माहीत आहे ते हिमालयाच्या निळ्या-जांभळ्या चित्रांमुळे. हा रशियन चित्रकार १९२३ च्या डिसेंबरात मुंबईत उतरला, पुढे कुलूजवळ नग्गरला स्थायिक झाला आणि १९४७ मध्ये तिथेच वारला; देविका राणीचे पती स्वेतोस्लाव हे त्याचे चिरंजीव. पण त्याचं मला सर्वांत धाडसी वाटणारं चित्र हिमालय पाहण्याच्या कितीतरी आधीचं, १९०१ सालचं आहे. नाव 'मूर्ती'. टेकाडावर लाकडी खुंटांचं गोल कुंपण, खुंटांवर जनावरांच्या कवट्या, आत ओबडधोबड कोरलेले लाकडी देव, त्यांतला मधला सर्वांत थोराड, आणि पलीकडे नदी. माणूस औषधालाही नाही.

प्रतीकवादी चित्र म्हटलं की धूसर, स्वप्नाळू काहीतरी, अशी समजूत असते. रोरिकवरही आक्षेप तोच: स्लाव लोकांच्या जुन्या देवळांचं चित्र कुणी काढून ठेवलेलं नाही, मग याला कसं कळलं? सगळं मनचं. पण रोरिक तरुणपणापासून रशियातले प्राचीन दफनढिगारे स्वतः उकरत होता, आणि त्याच्या रचनेला कागदोपत्री आधारही आहे. बगदादच्या खलिफाने पाठवलेल्या वकिलातीतला इब्न फदलान ९२२ मध्ये व्होल्गाकाठी पोहोचला. तिथे आलेले रूस व्यापारी माणसाचा चेहरा कोरलेल्या मोठ्या खांबापुढे भाकरी, मांस, कांदे, दूध ठेवत. मोठ्या खांबाभोवती लहान मूर्ती असत. धंदा चांगला झाला की गुरं-मेंढरं कापून त्यांची मुंडकी मागच्या खांबांना लटकवत. मधला देव थोर, भोवतालचे लहान, खांबावर मुंडकी: रोरिकचं चित्र याच्यापासून फार दूर नाही.

यावर जाणकार म्हणतील की इब्न फदलानचे रूस बहुतेक अभ्यासकांच्या मते मुळात उत्तरेकडचे वायकिंग, स्लाव नव्हेत. मुद्दा खरा आहे. मात्र लाकडी देवांची साक्ष तेवढ्यावर थांबत नाही. कीव्हच्या व्लादिमीरने ९८० मध्ये टेकडीवर देव उभे केले, त्यांत पेरून लाकडी होता, डोकं चांदीचं आणि मिशा सोन्याच्या, असं जुनी बखर सांगते. थाटच हवा असता तर रोरिकला तो आयता मिळत होता. त्याने तो घेतला नाही, कुठल्या देवाचं नावही चित्राला दिलं नाही. पुरावा जिथे संपतो तिथे तो थांबतो, हा संयम मला त्याच्या कल्पनाशक्तीपेक्षा मोलाचा वाटतो. पॅरिसमध्ये त्याला शिकवणाऱ्या कॉर्मोंने 'केन' या चित्रात आदिमानवांची अख्खी टोळी ऊर फुटेस्तोवर चालवली आहे. शिष्याने प्रसंगच गाळला.

आपल्याकडच्या वाचकाला हे चित्र परकं वाटायचं कारण नाही. भोर-वेल्ह्याकडे झाडाखालचा शेंदूर फासलेला तांदळा, तोरण्यावरची मेंगाई, वरंध घाटातली वाघजाई हे देव कुणी इतिहास म्हणून बघत नाही. त्यांना नारळ फुटतो, नवस फेडले जातात. फरक नेमका इथे आहे. ९८८ मध्ये त्याच व्लादिमीरने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पेरूनला घोड्याच्या शेपटीला बांधून फरफटवत नेलं आणि नीपर नदीत लोटलं. रोरिकच्या देवांचे भक्त नऊशे वर्षांपूर्वीच पांगले होते. चित्रात माणसं नाहीत ती केवळ गूढ वातावरणासाठी, असं म्हणणं म्हणूनच अपुरं आहे. भग्न देऊळ रंगवून त्याला हळहळ सहज मिळाली असती. त्याने मात्र कुंपण धडधाकट ठेवलं आणि पूजणारे तेवढे काढून घेतले. पुढे त्याने माणसंही आणली. १९१३ मध्ये पॅरिसला स्त्राविन्स्कीच्या 'वसंतोत्सव' बॅलेचं नेपथ्य आणि वेशभूषा त्याचीच. त्यात वसंताच्या देवासाठी एक मुलगी मरेपर्यंत नाचते, आणि पहिल्याच प्रयोगाला प्रेक्षागृहात गोंधळ माजला.