शंकरपट आणि हौशी छायाचित्रकार

धानाची कापणी उरकली, मंडया भरू लागल्या, की गोंदिया-भंडाऱ्याच्या गावांना शंकरपटाचे वेध लागतात. दिवसा बैलजोड्यांची शर्यत, रात्री झाडीपट्टीचे नाटक आणि घरोघरी पाहुण्यांचा राबता, असा तो थाट असतो. परिसरातील कापड, किराणा व भांड्यांच्या दुकानांनाही हे दिवस बरकतीचे जातात. अलीकडे या गर्दीत गळ्यात कॅमेरा अडकवलेले तरुण हमखास दिसू लागले आहेत. ते कोणत्याही वृत्तपत्राचे नसतात. हौसेने छायाचित्रे टिपावीत आणि त्याच रात्री इन्स्टाग्रामवर किंवा फेसबुकवर टाकावीत, एवढाच त्यांचा उद्योग. त्यांत व्यापारी घरांतील मुलेही असतात.

छंद दिसतो तितका सोपा नाही. भरधाव जोडी स्थिर टिपायची तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके, निदान त्याच्या आसपास, वेगवान ठेवावे लागते. सकाळच्या तिरप्या उन्हात उडालेली धूळ चित्राला खोली देते, भर दुपारी तीच धूळ सारे फिके करते. समोरून येणाऱ्या जोडीचे चित्र सर्वांत उठावदार येते आणि तीच जागा सर्वांत धोक्याची असते. लांब पल्ल्याचे भिंग घेऊन कठड्याबाहेर बाजूला थांबणे शहाणपणाचे. फ्लॅश तर वापरूच नये, कारण बिथरलेल्या बैलाला गर्दी आणि रस्ता यांतला फरक कळत नाही.

खरा प्रश्न मात्र चित्र टिपल्यानंतर सुरू होतो. 11 जुलै 2011 च्या केंद्रीय अधिसूचनेने बैलाचा समावेश प्रदर्शनास व खेळास मनाई असलेल्या प्राण्यांत झाला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही थांबल्या, आणि शंकरपटही त्यात आला. 2017 मध्ये राज्याने 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून नियम आखले. 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने त्या नियमांच्या चौकटीत शर्यतींना अंतरिम मुभा दिली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. आज जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, धाव 1000 मीटरहून लांब असता कामा नये, काठी वा चाबूक वापरता येत नाही आणि शर्यतीचे चित्रीकरण आयोजकांवर बंधनकारक आहे.

म्हणजे कायद्यानेच कॅमेऱ्याला साक्षीदार केले आहे. हौशी तरुणाच्या चित्रात चुकून पिरगाळलेली शेपटी आली, पराणीचे टोक आले, तोंडाला आलेला फेस आला, तर ते चित्र कोणत्या बाजूचे? आयोजक म्हणतात, गावाची बदनामी होते. चाहते म्हणतात, तेवढा कोपरा कापून टाक. बहुतेक वेळा तो कापलाही जातो आणि उरलेल्या देखण्या चित्रावर पसंतीच्या खुणांचा पाऊस पडतो.

जैन घरातील मुलाला येथे थबकावे लागते, कारण त्याच्या संस्कारात हिंसेचे मोजमाप केवळ हाताने होत नाही. कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्हींचा हिशेब तिथे मांडला जातो. पराणी आपण टोचली नाही, टोचायला सांगितलीही नाही. पण टोचलेल्या क्षणाचे गौरवचित्र चार हजार लोकांपुढे ठेवणे ही अनुमोदना नव्हे काय? कित्येक घरांत वडीलधारी मंडळी म्हणूनच या छंदाला सरळ नकार देतात. तो नकार समजण्याजोगा आहे, पण पुरेसा नाही. मुलगा गेला नाही म्हणून पट थांबत नाही. एक डोळस कॅमेरा मात्र तिथून कमी होतो. नियम पाळून धावलेल्या जोडीचे चित्र कौतुकाने द्यावे, नियम मोडलेला दिसला तर ते चित्र न कापता प्रशासनाकडे द्यावे आणि समाजमाध्यमावर त्याचा तमाशा करू नये, हा मार्ग अधिक कठीण आणि अधिक सच्चा वाटतो. ज्यांचे मन एवढ्यानेही मानत नाही, त्यांच्यासाठी याच गावांत कबड्डी व खो-खोचे सामने रंगतात. तिथे बैल नाहीत आणि चित्रे तितकीच थरारक येतात. खेळाडू अल्पवयीन असतील, तर पालकांची संमती घेऊनच चित्र प्रसृत करावे. नाव, शाळा व गाव एकत्र लिहिणे तर टाळावेच.

व्यापारी घराला हिशेबाची बाजूही ठाऊक हवी. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार छायाचित्राचा हक्क कळ दाबताच निर्माण होतो, नोंदणी लागत नाही, आणि तो प्रसिद्धीनंतर 60 वर्षे टिकतो. पण कोणी मोबदला देऊन चित्रे काढवून घेतली, तर वेगळा करार नसल्यास हक्क पैसे देणाऱ्याचा. समाजमाध्यमावर टाकल्याने मालकी जात नाही, त्या कंपनीला वापराची परवानगी तेवढी मिळते. विकिमीडिया कॉमन्सवर दिलेले चित्र मात्र श्रेय देऊन कोणीही, व्यापारासाठीसुद्धा, वापरू शकतो आणि दिलेली मुभा परत घेता येत नाही. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठविलेले चित्र आकसते, त्यातील तारीख-वेळेची अंतर्गत नोंदही गळते. दस्तऐवज म्हणून पाठविले तर दोन्ही टिकतात. जे चित्र उद्या पुरावा ठरू शकते, त्याची मूळ प्रत स्वतंत्र डिस्कवर ठेवावी आणि सोबत गाव, तारीख, वेळ व टिपणाऱ्याचे नाव लिहावे, जसे रोजमेळात जमा-खर्चापुढे लिहिले जाते तसे.