ठोकळ्यांचं जहाज मधेच का मोडतं?

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



सुरुवात एका फजितीपासून करतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत माझी अकरा वर्षांची भाची आमच्याकडे आली होती. आम्ही दोघांनी मिळून एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं जहाज करायला घेतलं. लांबी सव्वा मीटर. बारा दिवस लागले. मग ते टेबलावरून कपाटावर ठेवायचं म्हणून एक टोक तिनं धरलं, एक मी. उचललं, आणि मधोमध कट्ट असा आवाज झाला. अर्धं तिच्या हातात, अर्धं माझ्या, मधला भाग फरशीवर. तिनं खाली बसून तुकडे उचलले आणि विचारलं, "मामा, एकही ठोकळा फुटलेला नाही. मग जहाज कसं फुटलं?"

मी चाळीस वर्षं पुलांची गणितं करत आलो. पण तिला समजेल असं उत्तर काही मला तेव्हा देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे ते राहिलेलं उत्तर आहे असं समजा.

आधी ठोकळ्याकडे बघू. आज आपण ओळखतो त्या लेगोच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज झाला. त्याआधीचे ठोकळे आतून पूर्ण पोकळ होते, एकावर एक बसायचे पण नीट धरून ठेवायचे नाहीत. नव्या ठोकळ्यात आत नळ्या आल्या. खालच्या ठोकळ्याची गोल बटणं या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये घट्ट बसतात. इथे डिंक नाही, खिळा नाही, आहे ते फक्त घर्षण.

हा ठोकळा दाबाला फार दणकट असतो. २०१२ साली ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत चार बटणांचा एक ठोकळा यंत्राखाली दाबून पाहिला, त्यानं चारशे किलोहून जास्त भार सोसला. म्हणजे आमचं जहाज दाबामुळे मोडलं नव्हतं. ते ओढीमुळे मोडलं.

आता हे बघा. लांब वस्तू दोन टोकांना धरून उचलली की ती मधे खाली झुकते. झुकली की वरची बाजू दाबली जाते आणि खालची बाजू ताणली जाते. एकाच थरात शेजारी शेजारी ठेवलेले दोन ठोकळे एकमेकांना धरतच नाहीत, नुसते टेकलेले असतात. त्यांना धरून ठेवतो तो त्यांच्या वरचा किंवा खालचा, दोघांवर पसरलेला तिसरा ठोकळा. वीटकाम करणारा गवंडी खालच्या थराच्या सांध्यावर वरच्या थराचा सांधा कधी येऊ देत नाही, ते तुम्ही पाहिलं असेल. आम्ही मात्र रंग जुळवायच्या नादात जहाजाच्या पोटात चार थरांचे सांधे एकावर एक आणून ठेवले होते. भेग तिथूनच वर गेली.

हे काही खेळण्यापुरतं नाही. खरं जहाजही एक लांब तुळईच असतं. लाटेचा माथा मधोमध आला की दोन्ही टोकं खाली झुकतात आणि डेक ताणला जातो. दोन लाटांच्या माथ्यांवर दोन टोकं आली की मधला भाग झुकतो आणि तळ ताणला जातो. टायटॅनिक २६९ मीटर लांब होतं. १९१२ च्या एप्रिलमध्ये त्याच्या पुढच्या भागात पाणी भरलं, मागचा भाग पाण्याबाहेर उचलला गेला आणि त्या लटकत्या वजनानं जहाज मोडलं. वाचलेल्यांपैकी काहींनी तसं सांगितलं होतं. पण १९१२ च्या चौकशीत जहाज अखंड बुडालं असंच धरलं गेलं. १९८५ साली समुद्रतळावर अवशेष सापडले तेव्हा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांपासून जवळपास सहाशे मीटरवर होता.

याच जहाजाचा लेगोचा संच २०२१ साली आला. ९,०९० तुकडे, प्रमाण १:२००, लांबी १३५ सेंटीमीटर. करणाऱ्यांनी हे जहाज मुद्दाम तीन भागांत केलंय. भाग वेगळे केले की आतले जिने, खोल्या, बॉयलर दिसतात, हा एक फायदा. माझ्यासारख्याला दुसरा फायदा मोठा वाटतो. जे कुठेतरी मोडणारच आहे, ते कुठे सुटावं हे आधी आपण ठरवायचं, आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे उचलता येईल इतका आखूड ठेवायचा.

दुसरा उपाय म्हणजे कणा. भोकं असलेल्या लांब पट्ट्या आणि त्यांत बसणाऱ्या पिना मिळतात. बटणांची पकड वर ओढलं की सुटते, पिन आडवी असते, ती तशी सुटत नाही. इथे एक सुंदर हिशेब आहे, जरा लक्ष द्या. दोन बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६ आणि पातळ पट्टीची ३.२. भोकांच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवायच्या, मधे दोन पातळ पट्ट्या घालायच्या. ९.६ अधिक ६.४ म्हणजे १६. खालच्या आणि वरच्या भोकात बरोबर दोन बटणांचं अंतर पडतं! मग एक पट्टी उभी लावून दोन्हीकडे पिना मारायच्या. थर आता वर उचललेच जात नाहीत. मी भाचीला हे कागदावर काढून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "आधी का नाही सांगितलंस?" खरं सांगायचं तर आधी मलाच माहीत नव्हतं.

तिसरी गोष्ट वजनाची. जहाज सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं तर वजन आठपट होतं. लांबीही वाढल्यामुळे वाकवणारा जोर सोळापट होतो, तो सोसायची ताकद मात्र आठपटच वाढते. म्हणून मोठं जहाज भरीव करून चालत नाही, आत कप्पे आणि आडव्या भिंती ठेवून पोकळ करावं लागतं.

आइसलँडचा ब्रिन्यार कार्ल नावाचा मुलगा. दहा वर्षांचा असताना त्यानं टायटॅनिक करायला घेतलं. ५६,००० ठोकळे, अकरा महिने, जवळपास आठ मीटर लांबी. म्हणजे संचाच्या सहापट लांब आणि तुकडेही सहापटच. भरीव असतं तर २१६ पट माल लागला असता. मापं बसवायला त्याच्या इंजिनिअर आजोबांनी मदत केली. २०१८ पासून ते अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या टायटॅनिक संग्रहालयात मांडलं गेलं. ब्रिन्यार स्वमग्न आहे. सुरुवात केली तेव्हा शाळेत त्याला सतत सोबतीला माणूस लागायचा, नंतर तो आधाराशिवाय शिकू लागला, असं त्यानं स्वतः सांगितलंय. ठोकळ्यांनी आजार बरा होतो, असा अर्थ कृपया काढू नका. एवढंच म्हणेन, की अकरा महिने एका कामाला धरून राहायचं, लोकांकडे मदत मागायची, पाहुण्यांना समजावून सांगायचं, हे सगळं त्या जहाजानं त्याच्याकडून करून घेतलं.

आमचं जहाज पुढच्या मे महिन्यात पुन्हा झालं. तीन भाग, पोटात कणा. कपाटावर नेताना या वेळी तिनं मला हात लावू दिला नाही. एकेक भाग खालून, मधोमध धरून तिनंच नेला.

एक चिठ्ठी आली आहे : "सरळ डिंक का लावत नाही?" प्रश्न रास्त आहे. लेगोलँडसारख्या उद्यानांतली मोठी मॉडेल्स चिकटवलेलीच असतात, फार मोठी असतील तर आत पोलादी सांगाडाही असतो. लोकांसाठी उघड्यावर ठेवायचं तर तेच बरोबर. पण घरी डिंक लावू नका. आमचे चार सांधे एका रेषेत आलेत हे आम्हाला जहाज मोडल्यावर कळलं, आणि चिकटवलेलं नव्हतं म्हणूनच ते ठोकळे काढून नीट लावता आले.