कन्नडचा घाट आणि गिअरबॉक्सचे तेल

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना माझी ऑटोमॅटिक गाडी झटके देऊ लागली. इंजिनचा आवाज वाढे, वेग वाढेना. धुळ्याच्या मिस्तरीने गिअरबॉक्सचे तेल पांढऱ्या कागदावर टाकले. मूळचे लाल तेल काळपट झाले होते, करपट वास येत होता. "भाऊ, तेल जयी गयं," तो म्हणाला. गाडी घेताना मात्र 'हे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही' असे मला सांगितले होते. तेव्हापासून मी या तेलाच्या मागे लागलो.

हे नुसते वंगण नव्हे. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याचे काम तेल करते. इंजिनची ताकद तेच पुढे पोचवते. त्याच तेलाच्या दाबाने क्लचच्या प्लेटा आवळल्या जातात आणि गिअर बदलतो. प्लेटा घसरू नयेत, पण धक्क्यानेही चिकटू नयेत, म्हणून त्यात घर्षण सांभाळणारी द्रव्ये असतात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरत.

या तेलाचा शत्रू उष्णता. ते 80-90 अंशांवर सुखाने काम करते. त्यापुढे दर 10 अंशांना आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. त्याची उष्णता शेवटी हवेतच सोडायची असते. तेल 90 अंशांवर आणि हवा 25 अंशांवर असेल, तर फरक 65 अंशांचा. जळगाव-धुळ्याच्या 45 अंशांत तो 45 च उरतो. त्यात घाट, भरलेली गाडी आणि मंद वेग आला, की कन्व्हर्टरमध्ये तेल अधिकच घुसळून तापते.

म्हणून गाडीच्या पुस्तिकेतला 'कठीण वापर' हा रकाना खानदेशकरांनी आपलाच समजावा. तेलही पुस्तिकेत लिहिलेलेच घ्यावे, रंग पाहून नव्हे. सीव्हीटीचे तेल वेगळे असते. 2014 च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या एएमटीत तर साधाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबणे आणि गिअर बदलणे यंत्र करते. तिथे हे लाल तेल गिअरबॉक्समध्ये ओतणे चूकच.

माझ्या गाडीचे नुसत्या तेलावर भागले नाही, प्लेटाही बदलाव्या लागल्या. आता उन्हाळ्याआधी मी तेल तपासून घेतो.