दवाखान्यातली तालीम : अँटिबायोटिक कधी आणि कशासाठी?

पावसाळा लागला की आमच्या अर्धापूरच्या दवाखान्यांत सर्दी, ताप, घसादुखीच्या रुग्णांची गर्दी होते. तपासणी झाली की सोबतची अम्मी किंवा दादी हमखास म्हणते, "डॉक्टरसाब, जरा हेवी डोस द्या." हा हेवी डोस म्हणजे बहुतेक वेळा अँटिबायोटिक. हे औषध जिवाणूंवर चालते. साधी सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. तिथे त्याचा काडीचाही उपयोग नाही. उलट शरीरातले कमजोर जिवाणू मरतात आणि औषधाला न जुमानणारे तेवढे उरतात, वाढतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच असा इशारा दिला होता.

तो इशारा आपल्या राज्यातही खरा ठरला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी 2010 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कार्बापेनेम औषधांना दाद न देणारे 24 नमुने त्यांनी तपासले. त्यांपैकी 22 मध्ये एनडीएम-1 हे औषध निकामी करणारे विकर आढळले.

मग रुग्णालयांत चालते तरी काय? राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने 2021-22 मध्ये देशातल्या 20 मोठ्या रुग्णालयांतील 9,652 दाखल रुग्णांची पाहणी केली. जवळपास 72 टक्के रुग्णांना अँटिबायोटिक चालू होते. निम्म्याहून जास्त, म्हणजे 55 टक्के औषधे आजार बरा करण्यासाठी नव्हे, तर संसर्ग होऊ नये म्हणून दिलेली होती. 1 जानेवारी 2024 रोजी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना पत्रच लिहिले : असे औषध लिहिताना त्याचे नेमके कारणही लिहा.

पण चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर एकटा नसतो. सुई सिस्टर देते, गोळ्या औषध निर्माता देतो, रक्त-लघवीचे नमुने प्रयोगशाळेत जातात. म्हणून तालीम सगळ्यांनाच हवी. तिचे धडे तसे सोपे आहेत. गंभीर संसर्गाची शंका असेल तर शक्यतो पहिल्या डोसाआधी कल्चरचा नमुना घ्यायचा. मात्र रुग्ण अत्यवस्थ असेल तर औषध थांबवून ठेवायचे नाही. 48 ते 72 तासांनी अहवाल पाहून विचारायचे : हे औषध चालू ठेवायचे, बदलायचे की बंद करायचे? ऑपरेशनच्या वेळी संसर्ग टाळण्यासाठी द्यायचा डोस चिरा घेण्यापूर्वी द्यायचा. नंतर उगाच पाच-सात दिवस लांबवायचा नाही. आणि प्रत्येक रुग्णाला हात लावण्याआधी व नंतर हात स्वच्छ करायचे. संसर्गच झाला नाही तर औषध लागणार कशाला?

आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणांची सवय आहे. बॅनर, चहा, फोटो झाला आणि दुसऱ्या दिवशी वर्ग पहिल्यासारखाच! मुलाचे शुद्धलेखन एका भाषणाने सुधारत नाही. रोज वही तपासून चूक दाखवावी लागते. रुग्णालयाचेही तसेच आहे. दर महिन्याला वॉर्डातले केसपेपर काढून कुठे औषध गरजेचे होते, कुठे नव्हते हे कुणाचा अपमान न करता दाखवले, तरच सवय बदलते. "डॉक्टर, आज तिसरा दिवस आहे, अहवाल पाहायचा का?" असे विचारायची हिंमत सिस्टरला मिळाली, तर ती तालीम कामी आली म्हणायची.

घरातल्यांनाही यात काम आहे. ज्या औषधाच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलवरून आणू नका. मार्च 2014 पासून 'शेड्यूल एच-1' मधील औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवणे दुकानदाराला बंधनकारक आहे. शेजारच्या खालांकडे उरलेल्या गोळ्या मागू नका, आपल्याही देऊ नका. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहिले तर ते सांगितल्याप्रमाणेच घ्या, मनाने बंद करू नका. आणि त्यांनी लिहिले नाही, तर "काहीच दिले नाही" म्हणून दुसऱ्या दवाखान्यात जाऊ नका. फक्त एवढे विचारून घ्या : ताप किती दिवस राहिला किंवा कोणती लक्षणे दिसली तर परत यायचे? बाळाला धाप लागत असेल, ते दूध पीत नसेल किंवा सुस्त पडले असेल, तर मात्र क्षणाचाही उशीर करू नका.