गटाच्या शेडमध्ये खाली काय घालावं?

दिवाळी झाली, रानात तूर फुलात आली, आणि आपल्या मुरुड भागात पहाटेचा गारठा जाणवायला लागला. या दिवसांत गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. शेड उभं राहिलं, पत्रे पडले, गिरणी आली, मिरची-हळद कांडायचं यंत्र आलं. आता खाली काय घालायचं?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच जमिनीवर यंत्र थरथरणार, तेल सांडणार, रात्री माल नेणारा टेम्पो उभा राहणार आणि दिवसभर आपण मांडी घालून पापड लाटणार. पैसा बचतीचा किंवा कर्जाचा. फरशी दोन वर्षांत खचली तरी हप्ता चुकत नाही. म्हणून आज याबद्दल सविस्तर बोलू.

आधी खालची माती बघा

आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट फरशी घातली तर कितीही महाग माल आणा, तो हलणारच. म्हणून आतली काळी माती शक्य तेवढी खोल काढून टाकावी आणि मुरूम भरावा. मुरूम एकदम ओतू नये. अर्ध्या-अर्ध्या फुटाचा थर, त्यावर पाणी, मग धुमसाने ठोकणं, आणि मगच पुढचा थर. त्यावर चार इंच काँक्रीट. शेडची जमीन बाहेरच्या अंगणापेक्षा उंच हवी, नाहीतर पावसाचं पाणी आत येतं आणि ओल वर चढते.

आता वर काय?

सिमेंटचा कोबा सगळ्यात स्वस्त आणि गाडीचा भार सोसणारा. पण तो अखंड ओतू नये. चार-चार फुटांचे चौकोन पाडून मध्ये पट्टी घालावी, म्हणजे तडा गेलाच तर पट्टीच्या रेषेत जातो. थंडीत सिमेंट सावकाश घट्ट होतं, त्यामुळे पाणी मारण्यात घाई चालत नाही. साधं सिमेंट असेल तर निदान सात दिवस आणि राखमिश्रित, म्हणजे पीपीसी असेल तर दहा ते चौदा दिवस कोबा ओला ठेवावा. कोण कधी पाणी मारणार, याच्या पाळ्या गटात आधीच लावा.

शहाबादी फरशी आपल्या ओळखीची. शहाबाद कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे, आपल्यापासून फार लांब नाही. जाड फरशी घेतली आणि खालचा माल भरगच्च असला, तर ती वर्षानुवर्षं टिकते. बसवल्यावर काही दिवसांनी प्रत्येक फरशीवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर खाली पोकळी आहे. यंत्राचा पाय किंवा गाडीचं चाक तिथं आलं की ती फुटणार. गवंडी कामावर असतानाच ती काढून परत बसवून घ्या. शहाबादी आणि राजस्थानची कोटा, दोन्ही चुनखडीचे दगड. लिंबू, चिंच, लोणच्याचा खार किंवा संडास धुवायचं अ‍ॅसिड पडलं की त्यांचा वरचा थर खाल्ला जातो. लोणचं करणाऱ्या गटांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

गुळगुळीत टाइल्स दिसायला छान, पुसायला सोप्या. पण तेल किंवा पीठ सांडलं की पाय घसरतो. घ्यायच्याच असतील तर खरबरीत घ्या, आणि गाडीच्या जागी नकोतच.

कोब्यावर रंगाचा लेप द्यायचा विचार असेल तर आधी एक चाचणी करा. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. खाली थेंब दिसले किंवा जागा काळसर ओली झाली, तर ओल वर येते आहे. अशा जमिनीवर लेप टिकत नाही, पापुद्रे सुटतात.

थंडीचं काय?

दगड आणि शेडमधली हवा सारखीच गार असते, पण दगड अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेतो. म्हणून गार फरशीवर तास-दोन तास बसलं की गुडघे आणि कंबर धरते. कोणतीही फरशी घातली तरी हे चुकत नाही. त्यावर उपाय अंथरुणाचा. खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर बारदान, त्यावर जुन्या लुगड्यांची गोधडी किंवा सतरंजी. थरांमध्ये अडकलेली हवाच ऊब राखते. बसायला लाकडी पाट असेल तर आणखी चांगलं. जिथं उभ्याने काम आहे तिथं जाड रबरी चटई टाका. अंथरूण आठवड्यातून एकदा उन्हात घाला, नाहीतर खाली ओल धरते आणि पिठात किडे होतात.

ठराव आणि पैसे

शेडची दोन भागांत वाटणी करा: गाडी आणि यंत्राकडे कोबा, बसायच्या बाजूला शहाबादी. उतार दाराकडे, आठ फुटांना साधारण एक इंच. निदान दोन गवंड्यांकडून भाव घ्या, आणि त्यात मुरूम, काँक्रीट, फरशी, मजुरी वेगवेगळी लिहून मागा. एकच गोळा आकडा सांगितला की मुरुमात काटकसर झालेली कळत नाही. ठराव इतिवृत्तात लिहा, आणि पाणी मारून, टकटक करून होईपर्यंत मजुरीचा शेवटचा हप्ता हातात ठेवा. हे गवंड्याला काम सुरू करण्याआधीच सांगितलं की नंतर वाद होत नाही.

मैत्रिणींनो, वरची फरशी सगळ्यांना दिसते, मुरूम कोणालाच दिसत नाही. म्हणून तो भरायच्या दिवशी गटातल्या दोघी-तिघींनी तिथं हजर राहा. नमस्कार.