क्रोटनला सावलीत कोंडू नका

आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ क्रोटनची एक रांग आहे. दिवसभर ऊन खाते, पाणी माळ्याला आठवलं तर मिळतं. तरी पानं बघावीत तर लाल, शेंदरी, हळदीसारखी पिवळी, एखादं जांभळट काळं. त्याच रांगेतल्या एका फांदीचं कलम शेजारच्या काकूंनी हौसेने घरात नेलं. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, चांगल्या कुंडीत लावलं, रोज पाणी घातलं, आठवड्याला पानं पुसली. सहा महिन्यांत झाड हिरवट पडलं, खालची पानं गळाली आणि एका काठीवर वर झुबका तेवढा राहिला. "इतकं जपलं, तरी असं का झालं?" काकूंच्या तोंडून ऐकलेला हा प्रश्न त्यानंतर मला कितीतरी जणांनी विचारला आहे. खरी गोष्ट अशी, की जपायच्या नादात आपण क्रोटनची सगळ्यात मोठी गरज काढून घेतो. ती गरज म्हणजे ऊन.

"शोभेचं झाड म्हणजे घरात ठेवायचं झाड"

हा सगळ्यात मोठा गैरसमज, आणि बाकीचे बरेचसे याच्याच पोटातून निघालेले. क्रोटन हे मलेशिया, इंडोनेशियापासून उत्तर ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागराच्या पश्चिमेकडच्या बेटांपर्यंतचं झुडूप. जमिनीत लावलं तर माणसाच्या डोक्यावरून सहज जातं. उष्ण, दमट आणि भरपूर उजेडाचा तो मुलूख आहे. आपल्या कोकणात आणि गोव्यात ते इतकं रमलं, की अंगणाच्या कडेला आणि कुंपणाला क्रोटन नाही असं घर शोधावं लागेल. तिथे त्याचं फारसं कुणी काही करत नाही. हवा आणि ऊन दोन्ही त्याला मानवतं, एवढंच.

रंग कसा येतो हे समजलं की उन्हाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. पानात तीन प्रकारची रंगद्रव्यं असतात. हिरवं हरितद्रव्य, पिवळ्या-केशरी छटा देणारी कॅरोटिनॉइडं आणि लाल-जांभळं अँथोसायनिन. कॅरोटिनॉइडं गाजरात असतात, अँथोसायनिन जांभळात असतं, म्हणजे ही सगळी आपल्या ओळखीचीच मंडळी. भरपूर उजेड असला की क्रोटनच्या पानात लाल आणि पिवळी द्रव्यं जास्त तयार होतात. लाल द्रव्य तर कडक उन्हात पानाला छत्रीसारखं उपयोगी पडतं. उजेड कमी झाला की झाडाला छत्रीची गरज उरत नाही, उलट मिळेल तो उजेड पकडायला हरितद्रव्य वाढवावं लागतं. म्हणून नवी पानं हिरवी येतात. काकूंच्या झाडाला काही रोग झाला नव्हता, ते अंधारात पोट भरायची धडपड करत होतं.

यातली आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रंगीत पानाच्या पिवळ्या भागात हरितद्रव्य फार कमी असतं, त्यामुळे तो भाग अन्नही कमी बनवतो. म्हणजे तेवढ्याच आकाराच्या हिरव्यागार झाडापेक्षा क्रोटनला ऊन जास्तच लागणार. मनीप्लँट ज्या कोपऱ्यात जगतं तिथे क्रोटनही जगेल, हा हिशेब इथेच चुकतो.

चार-पाच तास थेट ऊन मिळालं तर उत्तम. पूर्वेची किंवा दक्षिणेची गॅलरी असली की काम झालं. मात्र नर्सरीतली रोपं बहुधा हिरव्या शेडनेटखाली वाढलेली असतात. ती आणल्याबरोबर गच्चीवरच्या दुपारच्या उन्हात ठेवली की पानं भाजून तपकिरी डाग पडतात, आणि मग "क्रोटनला ऊन सोसत नाही" असा उलटाच निष्कर्ष निघतो. आधी सकाळचं तासाभराचं ऊन द्यावं, मग दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावं. नागपूर-चंद्रपूरकडच्या एप्रिल-मेची गोष्ट वेगळी. तिथे दुपारची आडोशाची सावली हवीच. आणि निफाडसारख्या ठिकाणी, जिथे थंडीत पारा पार खाली जातो, तिथे डिसेंबर-जानेवारीत कुंडी रात्री आत घ्यावी. दहा अंशांखालची थंडी या झाडाला बाधते.

"पानं गळतायत म्हणजे पाणी कमी पडतंय"

क्रोटनची पानं गळायची कारणं अनेक, आणि त्यातलं पाणी कमी पडणं हे एकच. जागा बदलली की क्रोटन रुसतं. नर्सरीतून घरी आणलं, गॅलरीतून खोलीत नेलं, एसीच्या झोताखाली आलं, की आठ-पंधरा दिवस खालची पानं टाकतं. हे नेहमीचं आहे. यावर उपाय म्हणजे त्याला एका जागी राहू देणं. पण आपण घाबरतो, कुंडी रोज इकडून तिकडे हलवतो आणि वरून तांब्याभर पाणी जास्त घालतो.

सावलीतलं झाड मुळात पाणी कमी पितं. माती ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजायला लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं मलूल होऊन लोंबतात. ती बघून आपण आणखी पाणी घालतो! कितीतरी क्रोटन या फेऱ्यात सापडून जातात. बोट मातीत दोन पेरं घालून बघावं. वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्यावं, आणि द्यायचं तेव्हा कुंडीच्या खालच्या भोकातून निघेपर्यंत द्यावं. बशीत साचलेलं पाणी मात्र लगेच ओतून टाकावं, कारण तिथे मुळं कुजतात आणि डासही होतात. मे महिन्यात उन्हातल्या कुंडीला रोज पाणी लागेल, ऑगस्टमध्ये आठवडाभर लागणार नाही. "एक दिवसाआड एक ग्लास" असा नियम या झाडाला लावता येत नाही.

खालची पानं गळण्यामागे कधीकधी लाल कोळी असतो. कोरड्या हवेत तो फार वाढतो. पानाच्या मागे बारीक जाळी आणि धुळीसारखे ठिपके दिसले की ओळखावं. नळीच्या पाण्याने पानांची खालची बाजू जोरात धुतली तरी बराचसा निघून जातो. उरला तर निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारावं.

पानांना खोबरेल तेल किंवा दूध लावून चकाकी आणायची पद्धत सोडून द्यावी. तेलावर धूळ बसते, पानाची छिद्रं बुजतात. ओलं फडकं पुरतं. कांद्याच्या सालांचं पाणी, चहाचा चोथा यांनी "रंग खुलतो" हेही खरं नाही. खताने झाड वाढेल, पण उन्हाचा रंग खतातून येत नाही.

"क्रोटन म्हणजे जमालगोटा, घरात विष नको"

या गैरसमजाचं मूळ नावात आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली या झाडाला क्रोटन या प्रजातीत टाकलं. ग्रीक भाषेत क्रोटन म्हणजे गोचीड, आणि एरंडाची बी गोचिडीसारखी दिसते म्हणून एरंडालाही तेच नाव पडलं. क्रोटन प्रजातीतलाच एक भाऊ म्हणजे जमालगोटा, ज्याच्या बियांनी जबर जुलाब होतात. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी आपलं शोभेचं क्रोटन वेगळं काढलं आणि त्याला कोडियम हे नाव दिलं. ते नाव त्याआधीच रम्फियस या वनस्पतिअभ्यासकाने वापरलेलं होतं. इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर राहून, दृष्टी गेल्यावरही त्याने तिथल्या झाडांचं वर्णन लिहून घेतलं. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1741 पासून छापून निघाला. पण बाजारात जुनं क्रोटन हेच नाव चिकटून राहिलं आणि जमालगोट्याची बदनामी या झाडाच्या वाट्याला आली.

म्हणून हे झाड अगदी निरुपद्रवी, असंही नाही. ते एरंडाच्या कुळातलं आहे. चीक अंगाला लागला तर काहींना खाज सुटते, पुरळ उठतं. पान किंवा साल चावली तर तोंडाची आग होते, पोट बिघडतं. कपड्यावरचा चिकाचा डाग तपकिरी होतो आणि निघता निघत नाही. छाटणी करताना हातमोजे घालावेत, नंतर हात धुवावेत. रांगतं मूल किंवा पानं कुरतडणारं मांजर घरात असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावी. एवढी काळजी पुरते. घाबरून झाड उपटून टाकायचं कारण नाही.

"पानं पिळवटली म्हणजे रोग"

काही क्रोटनांची पानं मळसूत्रासारखी पिळलेली असतात. काहींत तर पान मध्येच संपतं, नुसती मधली शीर दोऱ्यासारखी पुढे जाते आणि तिच्या टोकाला आणखी एक छोटं पान लोंबतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे कीड लागल्यासारखं वाटतं. एका बाईंनी असं झाड व्हायरस समजून मुळासकट टाकलं होतं, मला अजून हळहळ वाटते. त्या क्रोटनच्या जाती आहेत, आणि जुने शौकीन त्या मुद्दाम शोधून आणतात.

या झाडाला फुलं येत नाहीत, हाही समज बराच पसरलेला आहे. फुलं येतात, पण बारीक. नर आणि मादी फुलांचे तुरे एकाच झाडावर वेगवेगळे येतात. बीही धरतं. पण बी लावून आईसारखंच झाड येईल या आशेवर राहू नये, रोपं रंगरूपाने वेगळी निघतात. हुबेहूब तेच झाड हवं असेल तर फांदीच लावावी लागते. पावसाळ्याच्या तोंडाला पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढायची, त्यावर भिजवून पिळलेलं शेवाळ बांधायचं आणि प्लास्टिकने दोन्ही टोकं घट्ट आवळायची. महिना-दीड महिन्यात पारदर्शक प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. मग खालून कापून कुंडीत लावायचं. ही गुटी.

राहता राहिला घरातल्या झाडांनी हवा शुद्ध होण्याचा दावा. बंद डब्यातल्या प्रयोगांत झाडं काही वायू शोषतात हे खरं. पण 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, इमारतीत जेवढी हवा खेळती असते तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला निदान दहा झाडं लागतील असा हिशेब निघाला, आणि तोही कमीत कमी. खिडकी उघडणं त्याहून सोपं आहे. क्रोटन रंगासाठी लावावं, तेवढं कारण पुष्कळ झालं.

तुमच्या घरात काकूंच्यासारखं काठी झालेलं क्रोटन असेल तर कृपा करून ते कचऱ्यात देऊ नका. जूनमध्ये वरच्या झुबक्याखाली गुटी बांधा, मुळं धरली की तो भाग वेगळा लावा. खालचं खोड वीतभर ठेवून कापा आणि कुंडी उजेडात सरकवा. खोडावरचे झोपलेले डोळे जागे होऊन फुटवे येतात. पहिली पानं हिरवट असतील, तेवढ्यावरून निराश होऊ नका. उन्हात वाढलेल्या पुढच्या पानांची वाट बघा.